भैरवीनंतर डाळ

गेल्या महिन्यात नांदेडच्या एका सभागृहात निवृत्त अधिकाऱ्यांच्या कराओके मंडळाचा कार्यक्रम ऐकण्याचा योग आला. योग अशासाठी म्हणायचा की आमच्या शेजारचे निवृत्त कार्यकारी अभियंता त्यात गाणार होते आणि उन्हाळ्यात आमच्या घरचं पाणी त्यांच्या बोअरवर अवलंबून असतं. मंचावर फुलांची कमान होती, पाहुण्यांसाठी सोफे होते आणि गाणाऱ्यांसाठी एक कोपरा होता. निवेदिका बाईंनी माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे सर्व कलावंत एक रुपयाही मानधन न घेता, केवळ कलेच्या प्रेमापोटी आपली सेवा रुजू करीत आहेत." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या संध्याकाळचा तो सगळ्यात मोठा कडकडाट होता, आणि तो गाणं सुरू व्हायच्या आधीच होऊन गेला.

मी मात्र दचकलो. हे वाक्य लातूरला असताना मी स्वतः माइकवरून इतक्या वेळा म्हटलं आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. ते माझ्याकडून बसवून घेतलं होतं गुरुलिंगअप्पा हत्तरगे यांनी.

लातुरात अप्पा ही काही ओळख होत नाही. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, उभं राहून "अप्पा" अशी हाक मारली तर निम्मा बाजार मागे वळून बघतो. म्हणून गुरुलिंगअप्पांना सगळे पेटीवाले अप्पा म्हणत. मोंढ्याच्या मागच्या अंगाला त्यांची दालमिल होती आणि मोंढ्यातच रस्त्यावर दुकान. साठी ओलांडलेली, रंग सावळा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, आणि उजव्या हातात चार अंगठ्या. त्या अंगठ्या पेटीच्या पट्ट्यांवर वाजत. माइक जवळ असेल तर सुराच्या आधी अंगठी ऐकू येई. तबलजी नवखा असला तर त्याला वाटे, आपल्या आधीच कुणीतरी ठेका धरला आहे.

अप्पांची आणि माझी ओळख झाली ती मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे. मराठीच्या प्राध्यापकाला सूत्रसंचालन येतंच, असा आपल्याकडे समज आहे. गणिताच्या प्राध्यापकाला वर्गणीचा हिशोब येतो तसाच. अप्पा त्यांच्या वडिलांच्या पुण्यतिथीला दरवर्षी संगीतसभा करत. स्वतः वाजवत, स्वतः गात, आणि मंडपही स्वतःच घालत. पहिल्या वर्षी कार्यक्रमाच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सर, बाकी काय बी बोला. पण एक वाक्य ऱ्हायलं न्हाई पाहिजे."

"कोणतं?"

"एक रुपया न घेता वाजवतो, ते. आन ते सुरुवातीलाच घ्या. नंतर लोक इकडंतिकडं होतात."

ही शंका रास्त होती, पण त्यावर अप्पांनी उपायही करून ठेवला होता. संगीतसभेला येणाऱ्या प्रत्येकाला जाताना एक किलो तूरडाळीचं पाकीट मिळे. पाकिटावर एका बाजूला मिलचं नाव आणि दुसऱ्या बाजूला पेटी वाजवणाऱ्या अप्पांचा फोटो. मात्र पाकिटं भैरवी झाल्यावरच वाटायची, असा दंडक होता. भैरवीशिवाय मैफल पुरी होत नाही असं शास्त्र आहे, आणि पाकिटाशिवाय आपण आलोच नाही असं श्रोत्यांचं मत होतं. दोन्हींचा मेळ बसून मंडप शेवटपर्यंत भरलेला राही. लातूरला शास्त्रीय संगीताचे इतके चिकाटीचे श्रोते आहेत हे पाहून पुण्याहून आलेले एक पाहुणे गहिवरले होते. त्यांना पाकिटाचं कुणी सांगितलं नाही. जाताना त्यांनाही दोन मिळाली.

वाजवताना अप्पांचं लक्ष पेटीवर कधीच नसे. एक ओळ झाली की मान वर. कुणाची मान हलली, कोण मोबाइलमध्ये आहे, मागच्या रांगेतून कोण उठलं, याची नोंद होई, मग दुसरी ओळ. उठलेला माणूस परत येऊन बसेपर्यंत अप्पा तीच ओळ घोळवत. लघवीला गेलेल्या माणसामुळे एकदा एक अंतरा सात-आठ वेळा ऐकायला मिळाला होता आणि शेजारचे गृहस्थ मला म्हणाले होते, "अप्पांचा विस्तार लई दांडगा हाय."

अप्पांचं एक ठरलेलं बोलणं होतं. मानधनाचा विषय निघाला की ते दोन्ही हात झटकून म्हणत, "कला विकायची नसती, सर. विकायला डाळ हाय की." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं तेज येई. आणि गंमत अशी की माणूस लबाड नव्हता. पेटीवर त्यांचा जीव होता. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना गादीवर त्यांची बोटं चालत. पूर्वी मोंढ्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत, त्या काळात अप्पांशी सौदा करणं अवघड जाई म्हणत. अप्पा भाव सांगत आहेत की सरगम, ते समोरच्याला कळत नसे. पहाटे मिल सुरू होण्याआधी ते रोज पेटी घेऊन बसत. रोज तेच वाजवत आणि रोज तिथंच चुकत.

चुका त्यांना सांगणार कोण? जो माणूस आपली पेटी, आपला माइक, आपला तबलजी आणि आपलाच टेम्पो घेऊन फुकट येतो, त्याला चुका सांगायच्या नसतात, तारीख सांगायची असते. लग्न, वास्तुशांत, शाळेचं स्नेहसंमेलन, शिवभजन, पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन, अप्पांना काहीही चाले. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याची सभा होती. साहेबांना यायला उशीर होणार होता, म्हणून लोक बसून राहावेत यासाठी अप्पांना बसवलं. अप्पांनी तीन तास वाजवलं. साहेब आले, मंचावर चढता चढता मागे वळून कुणाला तरी म्हणाले, "ते बंद करा आधी."

मी जवळच उभा होतो. मला वाटलं, आता अप्पांची समजूत घालावी लागणार. दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतःच सांगत होते, "साहेबांना वाटलं रेकॉर्ड लावलीय. एवढं शुद्ध लागलं होतं काल."

अप्पांच्या मागे, थोडं अंधारात, दुसरी एक पेटी असे. ती भुजंग मास्तरांची. पुण्यतिथीच्या संगीतसभेला अप्पा त्यांना साथीला बोलावत आणि त्याचे पैसे देत. कला विकायची नसली तरी विकत घ्यायला अप्पांची हरकत नव्हती.

भुजंग मास्तर मूळचे मुखेडकडचे. लातुरात एका तीन मजली इमारतीत त्यांचा संगीताचा क्लास होता. खाली फिजिक्स, वर बायोलॉजी, आणि मध्ये मास्तर. वरच्या मजल्यावरची मुलं बाक सरकवत, खालच्या मजल्यावरचे सर माइकवरून ओरडत, आणि या दोन्हींच्या मध्ये मास्तर यमन शिकवत. त्यांच्याकडची बहुतेक मुलं दहावीला कलेचे जादा गुण मिळतात म्हणून येत आणि दहावी झाली की वर किंवा खाली जात.

मास्तर कलावंत म्हणून कुणाच्याही डोळ्यांत भरावेत असे नव्हते. चेहरा कायम त्रासलेला, तोंडात सुपारी, आणि वाजवायला बसले की मनगटावरचं घड्याळ काढून पेटीवर समोर ठेवायची सवय. ठरलेली वेळ झाली की ते समेवर थांबत, आणि सम दूर असेल तर तसेच थांबत. एका लग्नात वधूपिता म्हणाला, "मास्तर, अजून एक होऊन जाऊ द्या, मूड लागलाय." मास्तर घड्याळ बांधत म्हणाले, "मूड तुमचा लागलाय. माझी एसटी लागलीय." वाजवायला लागले की मात्र माणूस ऐकत राही. हे मला कळतं अशातला भाग नाही. पण मास्तर वाजवत असताना वाढपीसुद्धा हातात भाजीची बादली घेऊन उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला एक वर्ष मास्तरांना बोलवावं असं मी सुचवलं होतं. प्राचार्य म्हणाले, "कशाला? अप्पा आहेत ना." विषय संपला. असे विषय गावात पुष्कळ ठिकाणी संपत होते, आणि ते मोजायला मास्तरांशिवाय कुणाला फुरसत नव्हती.

मास्तरांचं एक मोठं काम तेवढं शाबूत होतं. हिमायतनगरकडच्या एका गावात दरवर्षी शिवनाम सप्ताह होई. सातही दिवस सकाळ-संध्याकाळ भजनाला पेटी मास्तरांची. त्या सात दिवसांवर त्यांच्या क्लासच्या खोलीचं वर्षाचं भाडं निघे. ते काम गेलं तर क्लास गेला, हे मास्तर स्वतःच सांगत. "सप्ताह हाय तवर मी मास्तर," ते म्हणत. "न्हाईतर भुजंगा, चल मुखेडला, भावाच्या शेतात."

अप्पांच्या मुलीला त्या भागात दिलेलं होतं. व्याही सप्ताह कमिटीत होते. जेवणं झाल्यावर विषय निघाला असावा, आणि अप्पांनी हात झटकले असावेत. पुढचं सगळं माझ्या देखत झालं, कारण मी डाळ घ्यायला मिलच्या ऑफिसात गेलो होतो आणि अप्पा फोनवर होते. आवाजात नुसता आनंद.

"मास्तर, खुशखबर हाय. औंदा हिमायतनगरच्या सप्त्याला मी वाजवायलो. हाव, सात दिवस. न्हाई न्हाई, पैशाचं कायच न्हाई, सेवाच हाय... तुम्ही बी चला की. गाडीत जागा हाय. ऐकायला बसा निवांत, एवढी वर्षं तुम्हाला ऐकायला कुठं मिळालं?"

अप्पांनी फोन खाली ठेवला आणि मला म्हणाले, "मास्तर लई खूश झाले. बोलताच येईना त्यांना."

अप्पांना मत्सर ठाऊक नव्हता. समोरच्याचं काही जातं आहे हे ठाऊक असल्याशिवाय मत्सर करता येत नाही. मास्तर पेटी वाजवतात ती आपल्यासारखीच, वर त्यांना त्याचे पैसेही मिळतात, म्हणजे ते आपल्यापेक्षा नशीबवान, असं अप्पांचं साधं गणित होतं.

तीन-चार दिवसांनी मास्तरांचा मला फोन आला. "सर, उद्या सकाळी मोंढ्यात या. माझा कार्यक्रम हाय. सूत्रसंचालन करा. मानधन न्हाई."

"कसला कार्यक्रम?"

"तुमचं ते वाक्य तेवढं घेऊन या."

मी गेलो, पण सूत्रसंचालनाला नव्हे. चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. बाजाराचा दिवस होता. अप्पांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, मास्तरांनी ताडपत्री अंथरली होती. तिच्यावर दोन पोती मोकळी केलेली, तूरडाळीची. शेजारी तागडी, आणि मास्तरांच्या समोर, पेटीवर ठेवतात तसं, घड्याळ. लोक जमायला लागल्यावर मास्तर उभे राहिले आणि क्लासमध्ये कमावलेल्या आवाजात, माझ्याच लकबीत, म्हणाले, "रसिक बंधूभगिनींनो, ही डाळ एक रुपयाही न घेता, केवळ डाळीच्या प्रेमापोटी आपल्या सेवेत सादर होत आहे. मला लहानपणापासून डाळीची आवड आहे. डाळ विकायची नसते. विकायला पेटी हाय."

मोंढ्यातल्या माणसाला कशाचं नवल वाटत नाही, फक्त फुकटाचं वाटतं. पाच मिनिटांत ताडपत्री दिसेनाशी झाली. पिशव्या, पदर, टोप्या, एकानं तर हेल्मेट पुढं केलं. अप्पांच्या दुकानात बसलेलं गिऱ्हाईकही हातातलं पाकीट गादीवर ठेवून रस्ता ओलांडून आलं. डाळ मास्तरांनी भावाच्या शेतातली तूर आणून घरीच भरडलेली होती. निम्म्या डाळीला साल तसंच, अर्ध्या दाण्यांचा चुरा. पण घेणाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं. एक म्हातारा मूठभर डाळ उन्हात धरून म्हणाला, "घरची डाळ ती घरची डाळ. मिलच्या डाळीला ही चव न्हाई." ती अजून शिजायची होती.

अप्पांचा मुलगा शिवकुमार दुकानातून धावत आला. "मास्तर, हे काय चालवलंय? आमच्या दारात?"

"आवड हाय बाबा. तुझ्या वडिलांना पेटीची हाय, मला डाळीची हाय."

शिवकुमारला कळलं. तो गोरामोरा होऊन परत दुकानात गेला आणि त्यानं मिलमध्ये फोन लावला. थोड्या वेळानं अप्पा आले, स्कूटीवरून, अंगावर डाळीची भुकटी. गर्दी बाजूला झाली. अप्पांनी कुणाशी काही न बोलता वाकून चिमूटभर डाळ उचलली, तळहातावर पसरली, फुंकली, दोन दाणे दाताखाली धरले, आणि थुंकले.

"मास्तर, ह्याच्यात खडे हायत."

"असतील अप्पा. प्रेमानं केलीय."

"साल बी निघालं न्हाई. ही डाळ न्हाई, चुणी हाय. जनावराला घालतेत ही."

"लोक तर चांगली म्हणायलेत."

"फुकट मिळाल्यावर काय म्हणतील? फुकट हाय म्हणून नेयलेत. उद्या ह्यांना माझी डाळ महाग वाटंल. हे असं वाटून तुम्ही बाजार खराब करायलेत, मास्तर. ज्याचं पोट ह्याच्यावर हाय त्यानं काय करायचं?"

"हाव अप्पा," मास्तर म्हणाले.

एवढंच. तळहातावरची डाळ अप्पांनी परत ढिगावर ठेवली, नीट, सांडू न देता. मग स्कूटी सुरू न करताच हातानं ढकलत मिलच्या दिशेनं गेले. मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि राहिलेली डाळ वाटत बसले. मध्ये एक बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा तिला म्हणाले, "मावशी, एकदा झालं ना? का भैरवीनंतर परत?"

त्यानंतर आठवडाभर अप्पा दुकानात दिसले नाहीत. मग त्यांनी एक निर्णय घेतला, आणि व्यापारी माणसासारखा तो लगेच अमलातही आणला. इथून पुढं वाजवायचं तर मानधन घेऊन. किती, तर मास्तर घेतात तितकंच, ना कमी ना जास्ती. परवडत नसेल तर मास्तरांना बोलवा.

पहिला फोन त्यांनी सप्ताह कमिटीला लावला. मला समोर बसवून घेतलं होतं. बहुधा धीर म्हणून. अध्यक्षांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता.

"अप्पा, तुम्ही? तुमच्यासारख्यानं पैसे मागायचे? अहो कलेचा बाजार मांडू नका, तुम्हीच सांगता की आम्हाला."

"मग मास्तरांना तरी सांगा. पहिल्यासारखं."

"ते पैसे आता मंडपाकडं वळवले, अप्पा. आता एलईडी कमान करायलोत."

अप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "ठीक हाय. एक गाव गेलं." त्यांना अजून खात्री होती. इतकी वर्षं लोकांनी आपल्याला बोलावलं, माना हलवल्या, हार घातले, त्यातले थोडे तरी पैसे देऊन बोलावतीलच की. मग फोनची वाट बघणं सुरू झालं. फोन येत होते. मानधन ऐकलं की पलीकडच्या माणसाला आठवे की यंदा कार्यक्रम साधेपणानं करायचा ठरला आहे. कुणाच्या घरी दुखवटा निघे, कुणाची परवानगी अडके. पतसंस्थेच्या अध्यक्षांनी तर अप्पांच्या बोटांत सरस्वती असल्याचं जाहीर भाषणात सांगितलेलं होतं, ते म्हणाले, "औंदा ब्लूटूथवर भागवावं म्हणतो." आमच्या प्राचार्यांनी मला विचारलं, "अप्पांना अचानक झालं काय? चांगला माणूस होता."

सप्त्याला शेवटी नांदेडचं कुठलंसं कराओके मंडळ गेलं. स्वतःच्या गाड्या घेऊन, स्वतःचे स्पीकर घेऊन, एक रुपयाही न घेता. मास्तरांना काम मिळालं नाही. मास्तरांच्या डाळीनं अप्पांचे डोळे उघडले असतील, पण फुकट नेणाऱ्यांच्या घरी तिचं वरणच झालं.

मोंढ्यातला हंगाम सरला, गर्दी ओसरली, अशा एका दुपारी अप्पा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, माझ्यासंगं मास्तरांकडं चला." जिना चढताना ते कठडा धरून थांबत होते. क्लासमध्ये मास्तर एकटेच होते, एका कोपऱ्यात सामान बांधून ठेवलेलं, सतरंजी गुंडाळलेली. खोली महिनाअखेर सोडायची होती.

अप्पा गुंडाळलेल्या सतरंजीवरच बसले. "मास्तर, एक विचारतो. खरं सांगा. लोकांना माझं वाजवणं आवडत होतं का?"

मास्तरांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "पुण्यतिथीला जे आवडत होतं ते मी वाजवत होतो."

"आन माझं?"

"तुमचं मी कुणाला ऐकूच येऊ दिलं न्हाई, अप्पा. तुम्ही चुकलात की मी मोठ्यानं वाजवायचो. तुम्ही त्याचेच पैसे देत होता. आन बाकी ठिकाणी फुकटाचं कोण ऐकतंय?"

वरच्या मजल्यावर बाक सरकले. मला वाटलं, अप्पा आता उठतील आणि जिना उतरतील. मी चपला शोधायलाही लागलो होतो.

"म्हणजे माझं अजून कुणीच ऐकलं न्हाई," अप्पा म्हणाले.

"न्हाई."

"मग तुम्ही ऐका."

मास्तर हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं; फारसं चांगलं दिसत नव्हतं. "ऐकायचे पैसे पडतील, अप्पा. वाजवण्यापेक्षा जास्ती. ते काम लई अवघड हाय."

"घ्या की," अप्पा म्हणाले. "कला कुठं विकायलेत? कान विकायलेत तुम्ही."

खोली सुटली नाही. अप्पांनी ती मास्तरांना घेऊन दिली असं गावात म्हणतात, पण ते खरं नाही. तसं झालं असतं तर त्यालाही फुकटाचा वास आला असता. अप्पा फी भरत, रोजच्या रोज, आणि रोज शिकत. पुण्यतिथीला त्या वर्षी संगीतसभा झाली नाही. नुसती डाळ वाटली. लोक म्हणाले, हेच बरं झालं, वेळ वाचला.

पुढं संस्थेनं माझी नांदेडच्या कॉलेजात बदली केली. निघायच्या आधी निरोप घ्यायला मिलमध्ये गेलो. भर दुपार, मिल पूर्ण चालू. यंत्राचा असा आवाज की शेजारच्या माणसाला खुणेनं बोलावं लागतं. शिवकुमारनं आत बोट दाखवलं. पोत्यांच्या थप्पीमागं, चाळणीच्या पलीकडं, अप्पा मांडीसमोर पेटी घेऊन बसले होते. मास्तर त्यांच्या पुढ्यात, गुडघे टेकून, कान जवळजवळ पेटीला लावून. पेटीवर घड्याळ ठेवलेलं. चार अंगठ्या एका पत्र्याच्या डब्यात, डाळीच्या नमुन्यात पडलेल्या.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. अप्पांची बोटं चालत होती, एका ठिकाणी येऊन थांबत होती. मास्तरांचे ओठ हलले. शब्द ऐकू आला नाही, पण कोणता असेल ते कळलं: परत. अप्पांनी परत घेतलं. परत तिथंच अडले. परत.

मास्तरांनी घड्याळ उचललं. वेळ झाली असावी. मनगटावर पट्टा चढवून ते अर्धवट उठलेही. तेवढ्यात अप्पांचं बोट त्या जागेवरून पुढं गेलं. मास्तर तसेच वाकलेले थांबले. मग खाली बसले, घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि ओठ पुन्हा हलले.

मी समोर उभा होतो, दहा पावलांवर, उजेडात. गेली कैक वर्षं ज्या माणसानं ओळ संपल्यावर मान वर करून माझ्याकडं बघितलं नाही असं कधी झालं नव्हतं, त्याची ओळ संपली. मी सवयीनं मान हलवायला तयार होतो. अप्पांनी वर बघितलं नाही.